पाणी पाजायचं की तेल? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ट्रकच्या पाट्याचा (चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा) कोयता तेलात विझवावा, म्हणजे लाल तापवून धार कडक होण्यासाठी तेलात बुडवून झटक्यात थंड करावा, पाण्यात विझवणं (यालाच पाणी पाजणं म्हणतात) चूक, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, ‘आमच्या यावलकडच्या लोहारांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणीच पाजलं. केळीचे घड कापताना कोणाचा कोयता तुटला? पुस्तक वाचून लोहाराला शिकवू नका.’ शिवाय लोखंड जितकं लाल, तितकी धार कडक, असंही तुमचं म्हणणं आहे.

पहिल्या मुद्द्यात तुमचं बरंचसं खरं आहे. ‘चूक’ हा शब्द मी सरसकट वापरायला नको होता. लोहार पाणी कसं पाजतो हे मी लहानपणापासून भट्टीशेजारी बसून पाहिलंय आणि नेमकं तेच लिहायचं राहिलं. तो अख्खं पातं बुडवत नाही. सांडशीत धरून धारेची बोटभर पट्टी तेवढी पाण्यात घालतो. चर्र आवाज बसला की बाहेर काढून विटेच्या तुकड्याने धार घासतो आणि थांबतो. पाठीत राहिलेली धग हळूहळू धारेकडे उतरते. घासलेल्या जागी आधी फिका पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा. तपकिरी रंग धारेला टेकला की पुन्हा पाण्यात. हा रंग म्हणजे साधारण २५० अंश सेल्सिअस. कडकपणा थोडा सोडून चिवटपणा मिळवण्याची ती जागा. आपल्या घरांच्या स्लॅबमधली टीएमटी सळई अशीच बनते: गरम सळईवर पाण्याचा मारा करून वरचा थर कडक करतात आणि गाभ्यातली उष्णता त्याला मागून चिवट करते.

मग मी तेलाचा आग्रह का धरला? कारण पोलाद बदललंय. लालबुंद पोलादात कार्बन विरघळलेला असतो. सावकाश थंड केलं तर तो वेगळा होतो आणि पोलाद मऊ पडतं. झटक्यात थंड केलं तर आतच अडकतो आणि मार्टेन्साइट तयार होतं, कडक पण ठिसूळ. साध्या कार्बन पोलादाला हा झटका सेकंदभरात द्यावा लागतो, तिथे पाणीच हवं. जुनी कानस ठोकून केलेल्या पात्याला मीही पाणीच देईन. पाट्यात मात्र सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोम असतं. त्यामुळे त्याला जास्त सवड मिळते, तेलाचा वेग पुरतो. त्यात मार्टेन्साइट बनताना पोलाद किंचित फुगतं. पाण्यात बाहेरचा थर आधी कडक होतो, आतला मागून फुगतो आणि तडा जातो.

मागच्या हिवाळ्यात माझ्या हातून हेच झालं. पाट्याचा कोयता अख्खा बादलीत बुडवला. ‘टिंग’ असा बारीक आवाज आला. पुसून उजेडात धरला तर धारेपासून दोन बोटं वर केसासारखी रेघ. चार दिवसांची ठोकाठोक वाया गेली, फार वाईट वाटलं.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचंही सांगतो. मे महिन्यात उन्हातल्या टाकीचं पाणी तापलेलं असतं. तापलेल्या पाण्यात पात्याभोवती वाफेचं आवरण जास्त वेळ टिकतं, उष्णता लवकर निघत नाही आणि धार कुठे कडक, कुठे मऊ होते. काही जण पाण्यात मूठभर मीठ टाकतात. मिठामुळे ते आवरण लवकर फुटतं. पण पाट्यासाठी मिठाचं पाणी अजिबात वापरू नका.

दुसरा मुद्दा मला मान्य नाही. रंग पिवळट होईपर्यंत तापवलं तर कडकपणा वाढत नाही, पोलादाच्या आतला दाणा (स्फटिक) मोठा होतो. असं पातं मोडून बघा, मोड खडीसाखरेसारखी चमकते. नीट तापवलेल्याची मोड राखाडी आणि बारीक असते. लोहचुंबक तारेला बांधून ठेवा. पातं ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की तो त्याला चिकटायचा थांबतो. त्यानंतर थोडंसंच तापवा, रंग सावलीत बघा, आणि विझवा.

तुमच्याकडे पाट्याचे तुकडे पडलेले असतील. एकाच पाट्याचे दोन घ्या, एक पाण्यात, एक गोड्या तेलात विझवा. जळकं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर वाईट. तेल लोखंडी डब्यात घ्या, झाकण हाताशी ठेवा. मग दोन्ही तुकडे मोडून मोडींचे फोटो इथे टाका. तुमच्या लोहारदादांनाही दाखवा, ते काय म्हणतात ते मला वाचायचंय.