आतेचं मत

फिलिपिनो भाषेत थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात. मनिलात पहिल्यांदा खोली भाड्याने घेतली, तेव्हा घरमालकीणबाईंना सगळे 'आते, आते' करताना ऐकून मला वाटलं, चला, परदेशात उतरल्या उतरल्या आत्या भेटली. वयानेही होत्या तशाच. पुढची चार वर्षं मी त्यांच्याच माडीवर राहिलो, मालाते भागात, ताफ्त अव्हेन्यूच्या मागे. तिथल्या राजकारणातलं मला जे काही कळतं, त्यातलं निम्मं आतेच्या स्वयंपाकघरात भात आणि सुकी मासळी खाताना कळलंय.

परवा कॉलेजच्या ग्रुपवर फिलिपिन्सबद्दल एक फॉरवर्ड आला. 'नटांना निवडून देणारा देश', खाली हसून हसून रडणारी तोंडं. त्याखाली एकाने लिहिलं, गरीब लोक चेहरा बघून मत देतात, दुसरं काय. मी चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या. इथे लिहितो, लांब होणार आहे, वेळ असेल तर वाचा.

इस्को मोरेनो, आधी नट, पुढे मनिलाचा महापौर. खरं नाव फ्रान्सिस्को मोरेनो दोमागोसो, जन्म 1974 चा, तोंदोतला. तोंदो म्हणजे मनिलाच्या बंदरालगतची दाट वस्ती. 'स्मोकी माउंटन' नावाचा कचऱ्याचा धुमसता डोंगर 1995 पर्यंत तिथेच होता. वडील बंदरावर हमाल. पोरगा हातगाडी ढकलत रद्दी आणि बाटल्या गोळा करायचा, हॉटेलांनी टाकलेलं उष्टंही घरी आणायचा. आई ते पुन्हा शिजवून वाढायची. या अन्नाला तिकडे शब्द आहे, पगपाग. शब्दाचा अर्थ झटकणं. लागलेली घाण झटकायची आणि खायचं. पुढे तो पायडल रिक्षा चालवायला लागला.

1993 मध्ये तो शेजारच्या मयताला गेला होता. तिकडे मयत आपल्यासारखं लगेच उचलत नाहीत. शवपेटी काही दिवस घरातच असते, शेजारीपाजारी रात्र रात्र जागतात, पत्त्यांचे डाव पडतात आणि डावातला थोडा पैसा घरच्यांना खर्चासाठी काढून ठेवतात. आपल्याकडे मयताच्या घरी कुणी पत्ते काढले तर काय होईल, विचार करा. तर अशा जागरणात, सिनेमा-टीव्हीसाठी नवे चेहरे हुडकणाऱ्या एका माणसाची नजर या पोरावर पडली. तिथून तो जर्मन मोरेनो यांच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात गेला. नवी पोरं घडवणारा म्हणून त्या माणसाचा तिकडे मोठा मान, सगळे त्यांना 'कुया जर्म्स' म्हणत. कुया म्हणजे थोरला भाऊ. पडद्यावरचं आडनाव त्यांचं घेतलं असं लोक सांगतात, पण गंमत म्हणजे त्याच्या आईचं माहेरचं आडनावही मोरेनोच.

सिनेमे फार थोर नव्हते. नव्वदच्या दशकात तिकडे अंगप्रदर्शनाच्या सिनेमांची लाट होती, त्यात यानेही कामं केली. हे त्याला अजून चिकटलेलं आहे. 2021 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी एका महापौराच्या जुन्या उघड्या फोटोंवरून भर भाषणात टिंगल केली. नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. आतेचं त्यावरचं मत फोनवर ऐकलं ते असं: कपडे काढले ते स्वतःचे काढले ना, लोकांचे तर नाही?

आता 1998 चा मे महिना. एकाच दिवशी मतदान, आणि एकाच दिवशी तीन नटमंडळी निवडून आली. जोसेफ एस्त्रादा देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. तिकडची मोठी नटी विल्मा सांतोस लिपा शहराची महापौर झाली. आणि 23 वर्षांचा इस्को मनिलाचा नगरसेवक. पहिल्या दोघांच्या बातम्या जगभर गेल्या असतील, तिसऱ्याकडे कोण बघतंय!

फॉरवर्ड करणाऱ्यांना मला सांगायचंय ते इथून सुरू होतं. हा माणूस नऊ वर्षं नगरसेवक होता आणि त्यानंतर नऊ वर्षं उपमहापौर. तिकडे टर्म तीन वर्षांची, एका पदावर लागोपाठ तीनच टर्म. उपमहापौर स्वतंत्र मतांनी निवडून येतो आणि सभेचं कामकाज तोच चालवतो. म्हणजे महापौराच्या खुर्चीत बसण्याआधी हा नट 18 वर्षं त्याच इमारतीत ठराव, अंदाजपत्रक, गटारं आणि बाजाराचे गाळे यांच्यात मुरला. मधल्या काळात सार्वजनिक प्रशासन शिकला. आपल्याकडे 18 वर्षं नगरसेवक राहिलेल्याला आपण 'मुरलेला' म्हणतो, आणि ते फार कौतुकानेही म्हणत नाही, ते सोडा. पण 'चेहरा बघून' हे 1998 ला खरं असेल. 2019 ला, तो महापौर झाला तेव्हा, नाही.

नट तिकडे शहराच्याच राजकारणात का शिरतात, हेही मला आधी कळायचं नाही. आपला नट राजकारणात जातो तो थेट लोकसभेत. 2004 ला गोविंदा उत्तर मुंबईतून खासदार झाला, वॉर्डातून नगरसेवक व्हावं असं त्याच्या मनातही आलं नसेल. कारण उघड आहे, आपल्या महापौराच्या हातात काय असतं? नगरसेवक त्याला निवडणार, अडीच वर्षं मिरवणार, आणि कारभार आयुक्तांचा, ज्यांना राज्य सरकार पाठवतं. मुंबईत मार्च 2022 नंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ महापौरच नव्हता, किती जणांच्या ते लक्षात आलं? फिलिपिन्समध्ये महापौर थेट लोक निवडतात. धंद्याचे परवाने त्याच्या सहीने, नोकरभरती त्याच्याकडे, शहरातल्या पोलिसांवरही त्याचा रोजच्या कामापुरता हुकूम चालतो. तिकडचा महापौर आपल्या महापौर, आयुक्त आणि पालकमंत्री यांची बेरीज आहे. अशा खुर्चीसाठी नट रांगेत उभा राहिला तर नवल नाही.

(आणि 'मनिला' म्हणजे आख्खी मुंबईएवढी मनिला समजू नका. महानगर मनिलात 16 शहरं आणि एक छोटी नगरपालिका, प्रत्येकाचा महापौर वेगळा. इस्कोचं मनिला शहर जेमतेम 42 चौरस किलोमीटरचं, त्यात 18 लाखांवर माणसं.)

दुसरं कारण आतेने सांगितलं. त्यांच्याकडे एक शब्द आहे, त्रापो. 'ट्रॅडिशनल पॉलिटिशियन'चं लघुरूप, पण त्रापो म्हणजे फडकंही. ओटा पुसायचं, मळकं. मी तिला विचारलं होतं, नटाला का मत देता? ती ओटाच पुसत होती. हातातलं फडकं वर करून म्हणाली, दुसरीकडे हे आहे. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. गावोगावी दोन-तीन घराणी, आजोबा महापौर, मुलगा महापौर, सून खासदार. 1987 च्या राज्यघटनेत घराणेशाहीला बंदी आहे, पण घराणेशाही म्हणजे काय ते कायद्याने ठरवायचं, आणि तो कायदा करणार कोण, तर घराण्यांतलीच माणसं. तो आजवर झालेला नाही. अशा ठिकाणी आडनाव नसलेला माणूस वर यायचा तर त्याची ओळख आधी कुठेतरी झालेली असावी लागते. बॉक्सिंगच्या रिंगणात नाहीतर पडद्यावर.

2019 ची निवडणूक मी तिथेच राहून पाहिली. समोर कोण, तर एस्त्रादाच! 1961 मध्ये तोंदोतल्या एका गुंडाच्या आयुष्यावरच्या सिनेमाने तो गाजला. सान हुआन शहराचा महापौर, सिनेटर, उपराष्ट्राध्यक्ष, राष्ट्राध्यक्ष, मग 2001 मध्ये लोक रस्त्यावर उतरल्यावर पायउतार. 2007 मध्ये लुटीच्या गुन्ह्यात जन्मठेप, त्याच वर्षी माफी, आणि 2013 पासून पुन्हा महापौर, या वेळी मनिलाचा. तेव्हा इस्को त्याचाच उपमहापौर होता. एस्त्रादाचा जन्मही तोंदोतला. म्हणजे तोंदोचा नट विरुद्ध तोंदोचा नट. फरक असा की एस्त्रादा खात्यापित्या घरचा, पडद्यावर गरिबांचा कैवारी व्हायचा. इस्कोला ती भूमिका करावी लागली नाही. साडेतीन लाखांवर मतं घेऊन तो निवडून आला, एस्त्रादा दोन लाखांच्या आसपास थांबला.

मग जुलै आला. मी महिन्यातून एकदा दिविसोरियाला जायचो, स्वस्तात सगळं मिळतं म्हणून. आपली क्रॉफर्ड मार्केटची गल्ली चारपट करा. रेक्तो अव्हेन्यूच्या दोन्ही अंगांनी पथाऱ्या, मधून माणसं, जीपनी, म्हणजे तिकडची लांबट जीपसारखी शेअर गाडी, शिरायचीच नाही. त्या जुलैत गेलो तर रस्ता दिसला. डांबर दिसलं! जीपनीचा ड्रायव्हरच हसत होता. कारियेदोचा रस्ता तसाच मोकळा. वर्षानुवर्षं हप्ते देऊन बसलेले फेरीवाले काही दिवसांत उठवले होते. आतेच्या गल्लीत महापौराचं नाव देवासारखं घेत होते. 'योर्मे' म्हणायचे त्याला, मेयर हा शब्द उलटा करून. तिकडे शब्द उलटे करायची खोड आहे, एस्त्रादाचं 'एराप'ही तसंच, 'पारे' म्हणजे दोस्त, ते उलटं.

पण कारियेदोच्या स्टेशनखाली एक बाई बसायची. साखरेच्या पाकात तळलेली केळी, काडीला खोचलेली. कधी सुटे नसले तर पुढच्या वेळी दे म्हणायची. ती दिसली नाही. पलीकडच्या गल्लीत बसू देतात म्हणे, ठरावीक वेळेत. तिथेही दिसली नाही. हातगाडी ढकलून वाढलेल्या माणसाने हातगाड्या उचलल्या, हे मला पचायला जड गेलं, आजही जातं. आतेला म्हटलं तर ती चिडली. तुझ्या शहरात फूटपाथवर चालता येतं का, म्हणाली. मी गप्प बसलो. डोंबिवलीकर काय बोलणार?

आणि कॅमेरा. हे सगळं फेसबुकवर लाइव्ह चालायचं. महापौर नाल्यात डोकावतोय, महापौर स्मारकाजवळची घाण बघून पोलिसांवर भडकलाय, सगळं लाइव्ह. काम खरं होतं. ज्येष्ठांना महिन्याला 500 पेसो मिळू लागले, आतेलाही. पुढे तोंदोत गरिबांसाठी उंच इमारती उभ्या राहिल्या. पण कामाला सतत प्रेक्षक लागत होता, आणि जे शूट करता येत नाही त्याचं काय होतं ही शंका मला तेव्हापासून आहे.

2020 च्या सुरुवातीला मी परत आलो. पुढचं आतेच्या मेसेजमधून. दिविसोरियाच्या सार्वजनिक बाजाराची जागा विकण्यावरून गाळेवाल्यांचा विरोध झाला. 2021 मध्ये त्याने स्वतःच सांगितलं की 2016 च्या सिनेटच्या निवडणुकीत, जी तो हरला होता, उरलेले सुमारे 5 कोटी पेसो त्याने ठेवून घेतले आणि त्यावर कर भरला. कर भरला म्हणजे कायद्यात बसतं असं त्याचं म्हणणं. आतेने नुसता ओटा पुसायच्या फडक्याचा फोटो पाठवला. 2022 ला तो राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि चौथा आला. मनिलाची खुर्ची उपमहापौर हनी लाकुना यांच्याकडे गेली. त्या डॉक्टर, वडीलही मनिलाचे माजी उपमहापौर. 2025 मध्ये तो त्यांच्याच विरोधात उभा राहिला आणि पाच लाखांवर मतं घेऊन जिंकला. त्या वेळी नगरसेवकपदासाठी त्याचा मुलगाही उभा होता. तोही नट आहे.

ग्रुपवरच्या मित्रा, हसायचंच असेल तर इथे हस. तो आला तेव्हा त्याच्याकडे आडनाव नव्हतं म्हणून लोकांना आवडला. आता आडनाव झालंय.

आल्या आल्या त्याने कचऱ्यावरून आणीबाणी जाहीर केली. कंत्राटदारांची बिलं थकलेली, गल्ल्यांमध्ये ढीग. आतेने मला दोन फोटो पाठवले, एक ढिगाचा, एक आठ दिवसांनी त्याच कोपऱ्याचा, धुतलेला. मी विचारलं, यंदा मत कुणाला दिलंस? ती म्हणाली, कुणाला म्हणजे, योर्मेला. मग थोड्या वेळाने आणखी एक मेसेज आला: तुझी केळीवाली गेल्या वर्षी परत बसायला लागली होती. काल बघून आले, जागा मोकळी आहे.