संकटाला श्रेय देऊ नका

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, परंडा, भूम, माढा, करमाळा भागातली रानंच्या रानं पाण्याखाली गेली, तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. पुराचे फोटो फिरू लागले की त्यासोबत ठरलेली वाक्यंही फिरू लागतात. 'मराठवाड्याच्या जिद्दीला सलाम.' 'इथला माणूस वाकतो, मोडत नाही.' आणि हमखास, 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.' लिहिणाऱ्यांच्या मनात खोट नसते, हे मला ठाऊक आहे. तरीही ज्याची गुरं दावणीला बांधलेली असतानाच बुडाली, त्याला ही म्हण ऐकवणं मला सहन होत नाही. टाकीखाली आलेल्या सगळ्या दगडांचे देव होत नाहीत. बरेचसे फुटतात, आणि फुटलेल्यांची खडी होते.

मी धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या आताच्या लोहारा तालुक्यातली. आमच्याकडे काळ मोजायची पद्धतच 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' अशी आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून, रात्री उशिरापर्यंत मिरवणुकीत नाचून माणसं नुकती कुठे झोपली होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव ही गावं काही सेकंदांत दगडांचे ढीग झाली. सरकारी आकड्यानुसार जवळपास ८ हजार माणसं गेली.

भूकंप काही जगातला सगळ्यात मोठा नव्हता. ६.२ ते ६.४ च्या आसपासचा. माणसं मेली ती घरांखाली. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर माळवद. भिंत बाहेरून घडीव दगडाची, आतून ओबडधोबड दगडांची आणि मधल्या पोकळीत माती अन् कपच्या भरलेल्या. हे दोन पदर एकमेकांना कशानेच बांधलेले नसायचे. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. पावसाळ्याआधी माळवद गळू नये म्हणून दरवर्षी पांढरी माती आणून पसरायची. म्हणजे डोक्यावरचं वजन वर्षागणिक वाढतच जायचं. हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात धरलेला होता, त्यामुळे याचा धोका कुणी सांगितलाही नव्हता. १९९२ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर किल्लारी भागात धक्के बसत होते, जमिनीतून आवाज येत होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते. पुढे धक्के थांबले आणि माणसं घरात परतली. त्या पहाटे जाड भिंतींच्या वाड्यांतली माणसं गाडली गेली आणि कुडाच्या झोपडीतली पुष्कळ माणसं वाचली. उन्हाळ्यात गार राहणारं, पिढ्यान्‌पिढ्या अभिमानानं दाखवलेलं घरच अंगावर आलं.

मग मदत आली. लष्कर आलं, देशभरातून ट्रक आले. जुन्या कपड्यांचे इतके ढीग आले की ते रस्त्याकडेला भिजत पडले होते, हे त्या भागातला कुणीही सांगेल. परदेशातूनही माणसं आली. ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं, जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. या कामाची स्तुती आजही होते आणि त्यातलं बरंचसं श्रेय योग्यच आहे. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्यातली कितीतरी मुलं आज कर्ती झाली आहेत.

पण मला सांगायचंय ते माझ्या आत्याबद्दल.

आत्या तेव्हा तिशीची असेल. सातवीपर्यंत शिकलेली. सासू आणि धाकटा मुलगा गेले. नवरा वाचला, पण कंबरेत अधू झाला. पहिले काही महिने ती बोलायचीच नाही, असं आई सांगते. पत्र्याच्या शेडसमोर बसून राहायची. यायचा तो समजूत घालायचा. हिंमत धर, देवाची मर्जी, उरलेल्या लेकरांकडं बघ. तिला यातलं काही ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे.

तिच्यात बदल व्हायला सुरुवात झाली ती एका कामामुळे. पूर्ण पडलेली गावं सरकारने नव्याने बांधली, पण ज्यांची घरं भेगाळली होती, अर्धवट पडली होती, अशी हजाराहून जास्त गावं होती. तिथे घरमालकानेच सरकारी पैशातून घर दुरुस्त करायचं, भक्कम करायचं, असं ठरलं. पैसे हप्त्याहप्त्याने. एवढ्या गावांत माहिती कोण पोचवणार? प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावागावांतल्या बायकांना पुढे केलं. त्यांना 'संवाद सहायक' म्हणायचे. लोकांना योजना समजावून सांगायची, बांधकामावर लक्ष ठेवायचं, अडलेल्याचं काम इंजिनिअरपर्यंत न्यायचं. तोपर्यंत आत्या नवऱ्याला आणि लेकरांना घेऊन माहेरी राहायला आली होती. आमचं गाव दुरुस्तीच्या यादीत होतं आणि माहेरच्या गावात तिला हे काम मिळालं.

मला ती माझ्या लहानपणापासून आठवते ती अशी: डोक्यावर पदर, हातात ओळंबा आणि पिशवीत वही. भिंतीचे दोन पदर बांधायला आरपार जाणारा दगड किती अंतरावर बसवायचा, माळवदावरची माती उतरवून वजन कसं कमी करायचं, कोपऱ्यात आणि लिंटलला सळ्या कशा बांधायच्या, हे ती गवंड्यालाच विचारायची. सळ्यांना वेढणाऱ्या रिंगांमधलं अंतर वितीनं मोजायची आणि जास्त भरलं की काम थांबवायची. एकदा एका गवंड्यानं चारचौघांत सुनावलं, "बाईमाणसानं आम्हाला शिकवू नये." तिनं तिथल्या तिथं उत्तर दिलं, "तुमचंच काम माझ्या लेकरावर पडलंय. आता इचारल्याबिगर सिमिट कालवायचं न्हाई." गवंडी गप्प झाला. सिमेंट कालवलं गेलं ते रिंगा पुन्हा बांधल्यावरच. पुढे तोच गवंडी दुसऱ्या गावात काम घेताना हिला बोलावून घ्यायचा.

तिला मी मोठी झाल्यावर विचारलं होतं, आत्या, त्या दिवसांतून तू बाहेर कशी आलीस? तिचं उत्तर मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "लई लोक यायचे गं. रडायचे, फोटो काढायचे, काय पायजे म्हणून इचारायचे. तुला काय येतंय, हे कुणी इचारलं न्हवतं. या बायांनी इचारलं."

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. भूकंपानं आत्याला घडवलं नाही. भूकंपानं तिचं लेकरू नेलं. तिच्यात जी ताकद होती ती आधीपासून होती, उंबऱ्याच्या आत कोंडलेली. कुणीतरी तिच्या हातात खरं काम दिलं, त्या कामासोबत निर्णयाचा अधिकार दिला आणि काही वर्षं तिच्याबरोबर चालत राहिलं, म्हणून ती ताकद बाहेर आली. याचं श्रेय संकटाला देऊन टाकलं की आपली सुटका होते. मग आपल्याला करण्यासारखं काही उरतच नाही, टाळ्या वाजवल्या की झालं.

या विषयाचा अभ्यास करणारेही जवळपास हेच सांगतात. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आघातानंतर माणसात होणाऱ्या वाढीवर १९९० च्या दशकात काम केलं. त्यांनी स्पष्ट म्हटलंय की वाढ आघातातून येत नाही, आघाताशी चाललेल्या झगड्यातून येते. आणि वाढ झाली म्हणून वेदना संपत नाही, दोन्ही एकाच माणसात शेजारीशेजारी राहतात. आत्या आजही भाद्रपदात रात्री दाराला कडी लावत नाही. इतकी घरं भक्कम करून घेतलेल्या बाईला घरात झोप येत नाही. तिला 'खंबीर' म्हणणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावं.

आणि जे उभे राहिले नाहीत त्यांचं काय? आमच्याच भावकीत एक काका होते. त्यांची दोन्ही मुलं गेली. नुकसानभरपाईचे पैसे आले, नव्या गावात घर मिळालं. ते नव्या घराच्या ओट्यावर बसून राहायचे, पुढे पुढे दारू, आणि तसेच एक दिवस गेले. लोक म्हणायचे, त्यानं हिंमत हरली. मला हे वाक्य फार क्रूर वाटतं. त्यांना कुणी काम विचारलं नाही. पुरुषांनी रडायचं नाही, या रीतीमुळे त्यांना रडूही दिलं नाही. नवं गाव आखलं तेही चौकटीच्या वहीसारखं, रुंद रस्ते, सरळ रांगा, जुन्या आळीचे शेजारी कुठल्या कुठे फेकलेले. संध्याकाळी ज्यांच्या पारावर बसायचं ती माणसंच जवळ राहिली नाहीत. घरंसुद्धा जमिनीच्या मोजमापानं दिली: भूमिहीनाला २५० चौरस फूट आणि मोठ्या जमीनदाराला ७५० चौरस फूट. भूकंपानं सगळ्यांना एका रांगेत आणून बसवलं होतं, पुनर्वसनानं पुन्हा जागच्या जागी नेऊन बसवलं. बायको गेलेल्या पुरुषांची लग्नं लवकर लागली, नवरा गेलेल्या बायका बहुतेक तशाच राहिल्या. अशा सगळ्यात एखादा माणूस खचला, तर त्याच्या मनोधैर्याचं माप काढायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

ज्या बायकांना संधी मिळाली त्यांनी पुढे काय केलं, ते मात्र मी कौतुकानं सांगणार. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका तिकडे गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूतही गेल्या. भाषा येत नव्हती. मोडकी हिंदी, हातवारे, आणि सगळ्यात मोठं ओळखपत्र म्हणजे 'आमचंही घर पडलं होतं'. समजूत घालायला आलेल्या शहरी माणसापुढे जी बाई तोंड उघडत नाही, ती या बायकांपुढे बोलायची. पुढे मराठवाड्यात लागोपाठ दुष्काळ पडले, तेव्हा याच संस्थेसोबत जोडलेल्या बायकांनी नवऱ्याकडे, सासऱ्याकडे अर्धा-एक एकर रान मागून घेतलं. त्यात त्यांनी नुसतं सोयाबीन न घेता भाजीपाला, डाळी, ज्वारी-बाजरी असं घरात खायला येणारं पीक घेतलं. कमी पाणी, शेणखत, घरचं बियाणं. बाजार पडला तरी चूल पेटती राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार २०१६ साली या कामाला मिळाला. पुरस्कारापेक्षा मला मोठं वाटतं ते रान मागणं. ज्या घरात बाईनं साडी मागायचीही चोरी, तिथं तिनं एकरभर रान मागितलं, आणि तिला ते मिळालं. हे धाडस एका दिवसात येत नाही. कुणाच्या तरी घराच्या रिंगा मोजताना, तहसील कचेरीत साहेबांसमोर खुर्चीवर बसताना ते थोडं थोडं साठत गेलेलं असतं.

म्हणून पूरग्रस्त गावांत मदत घेऊन जाणाऱ्यांना कळकळीनं सांगते. पहिल्या आठवड्यात धान्य, चारा, अंथरूण-पांघरूण लागतंच, ते द्याच. पण तिथेच थांबू नका. पंचनाम्याची यादी करताना गावातल्या चार बायकांना सोबत घ्या. कुणाच्या नावावर जमीन नाही, कोण बटईनं करत होतं, कुणाच्या शेळ्या कागदावर नव्हत्या, हे त्यांना तोंडपाठ असतं. विहिरीतला गाळ काढायचा, खरडून गेलेल्या रानात माती आणून टाकायची, तर त्या कामाची मजुरी गावातच द्या आणि हिशोब गावातल्याच पोरींना ठेवू द्या. शाळेत मुलांना वह्या वाटताना फोटोसाठी रांगेत उभं करू नका. आणि जो माणूस ओट्यावर गप्प बसलेला दिसेल त्याला 'हिंमत धरा' म्हणू नका. त्याच्याजवळ बसा. त्याला गुरांतलं कळतं का, विहीर बांधता येते का, भजन म्हणता येतं का, विचारा. नाही बोलला तर दुसऱ्या खेपेला पुन्हा बसा.

आमच्या ओळखीतल्या काही बायका, त्यात भूकंपाच्या वेळी काम केलेल्याही आहेत, परंड्याकडच्या गावांत जायचं म्हणतायत. आत्याचे गुडघे दुखतात, तरी तिनं वही काढून ठेवलीय. कुणाला सोबत यायचं असेल तर मला मेसेज करा. फक्त एकदा येऊन फोटो काढून परतायचं असेल तर नका येऊ. पुढचा खरीप पेरून होईपर्यंत अधूनमधून यायची तयारी असेल, तर गाडीत जागा करू.