‘दुःखाची लिमिटेड एडिशन’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक वाचक’ यांस,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो आणि सगळं खोडलं. आज पुन्हा लिहितोय, पण राग पुरता उतरलाय असं नाही.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीडच्या ऊसतोड बायकांवरचं माझं फोटोपुस्तक आलं. १२० प्रती, किंमत ९०० रुपये. ‘एक वाचक’ यांचं म्हणणं असं की ही ‘दुःखाची लिमिटेड एडिशन’ आहे, पुण्यातल्या चार घरांच्या टीपॉयवर ठेवायला काढलेली. जिचा फोटो आहे तिला ते परवडणार नाही. पीडीएफ फुकट द्यायला हवी होती. परवानगी कशी घेतली ते कुठे लिहिलेलं नाही. आणि एका फोटोखालचं गाव चुकलंय.

गावाचं आधी. तुमचं बरोबर आहे. पान ४१ वरच्या कोप्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्या, पाटोदा तालुक्यातल्या टोळीच्या आहेत, छापलं गेलंय शिरूर कासार. चूक माझी. शिल्लक प्रतींत दुरुस्तीची पट्टी चिकटवली आहे. दाखवून दिल्याबद्दल आभार.

आता ‘दुःखाची लिमिटेड एडिशन’. हे शब्द तुम्ही टाळीसाठी लिहिलेत आणि टाळी मिळालीही. ‘किंमत एवढी का?’ असं साधं विचारलं असतंत तर मी आनंदाने हिशोब मांडला असता. तुम्ही विचारलं नाहीत, थेट निकाल दिलात. तरी हिशोब देतो.

९६ पानं, म्हणजे सोळा पानांचे सहा फर्मे. ऑफसेटला प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजारालाही. म्हणून थोड्या प्रती काढायच्या तर डिजिटलवर जावं लागतं आणि तिथे प्रत महाग पडते. बांधणी दोऱ्याची, कारण नुसत्या डिंकाने चिकटवलं, म्हणजे पेस्टिंग केलं, की दोन पानांवर पसरलेल्या फोटोचा मधला भाग कण्यात गडप होतो, आणि माझ्या निम्म्या फोटोंत बाई नेमकी मधेच उभी आहे. छपाई-बांधणी मिळून प्रतीमागे ५९० रुपये. १२० प्रतींचे ७०,८००. त्यातल्या ३४ प्रती फोटोतल्या घरांना आणि त्यांच्या गावांतल्या शाळांना दिल्या. उरलेल्या ८६ सगळ्या थेट विकल्या तरी ७७,४०० येतात. दुकानातून गेली तर त्यांचे ३५ टक्के वजा जाऊन हातात ५८५, म्हणजे प्रतीमागे पाच रुपये खिशातून. तीन हंगामांचा एसटीचा आणि राहण्याचा खर्च यात धरलेलाच नाही. ‘लिमिटेड’ हा शब्द मी मिरवायला वापरला नाही. माझ्याकडे तेवढेच पैसे होते.

हजार प्रतींसाठी मी एका प्रकाशकाकडे गेलो होतो. दोन वर्षं पुस्तक तिथे पडून होतं. शेवटी निरोप आला, रंगीत पानं कमी करा, चेहरे जरा हसरे घ्या. मी परत घेऊन आलो.

आणि ‘दुःख’. कुणाचं दुःख मी विकतोय असं तुम्हाला वाटतं? माझे आई-वडील एक कोयता होते. माहीत नसेल तर सांगतो, नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, उचल म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम त्या जोडीवर मिळते. दिवाळी झाली की दोघं मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, ट्रकमध्ये बसून कोल्हापूरकडे जायची आणि मी धारूर तालुक्यात आजीजवळ. सहावीत असताना आजी आजारी पडली तेव्हा एक हंगाम मीही कोपीत काढला. पहाटे आई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायची, आणि ती फळी तिच्या वजनाने वाकायची ते मी खालून बघायचो. मला हे कुणी शिकवू नये. नाव न लावता तर नाहीच नाही.

तुम्ही म्हणता, फुकट पोचवलं असतं तर लोकांना कळलं असतं. २०१९ साली सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. हा आकडा पेपरात आला, विधिमंडळात बोलला गेला, प्रत्येकाच्या फोनवर फुकट पोचला. तुम्हाला तो आठवत होता का? मी विचारतोय ते खरंच विचारतोय. आकडा वरून वाहून जातो. पुस्तक हातात धरावं लागतं, पान उलटावं लागतं, म्हणून मी कागदावर आलो. साठच्या दशकात आपल्याकडची अनियतकालिकंही, म्हणजे लेखकांनी स्वतः काढलेली छोटी मासिकं, थोडक्याच प्रतींची होती, सायक्लोस्टाइल करून हातोहात जायची. म्हणून ती चार घरांपुरती राहिली नाहीत.

पान ५३ वर एका मावशीचा हात आहे. अंगठ्याला जुन्या लुगड्याची चिंधी, वर पाचटाने कापल्याच्या बारीक रेषा, मुठीत कोयता. नमुना प्रत घेऊन मी फडावर, म्हणजे तोडणीच्या उसात, गेलो तेव्हा त्यांनी आधी हात पदराला पुसला, मग पुस्तक घेतलं. बराच वेळ त्या पानाकडे बघत होत्या. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. त्या म्हणाल्या, “ह्यो कोयता माझा न्हाई. शेजारणीचा हाय. माझ्याची मूठ तुटली व्हती त्या दिशी.” फोटोखालची ओळ मी त्याच रात्री बदलली. छापलेल्या पुस्तकात तो फोटो दोन्ही बायकांच्या नावाने आहे. तुम्ही पान ५३ पर्यंत गेला असतात तर दिसलं असतं.

बाकीच्या गोष्टींवर फार बोलायचं नाही. परवानगी घेतलेली आहे. कशी घेतली याचा पाढा नाव लपवणाऱ्यापुढे वाचायची मला गरज वाटत नाही. पीडीएफ काढणार नाही. ती उद्या मुकादमाच्या फोनवर जाईल आणि पुढच्या हंगामाची उचल त्याच्याच हातात आहे. टीपॉयबद्दल काही म्हणायचं नाही.

तुमच्याकडे प्रत असेल तर पत्ता कळवा, पान ४१ ची पट्टी पोस्टाने पाठवतो. नसेल तर डिसेंबरात मी पुण्यात आहे. येऊन बघा, माझ्यासमोर बसून बघा, आणि मग हेच पुन्हा लिहायचं असेल तर लिहा, फक्त खाली नाव घाला.