डोळे वर गेले म्हणजे खोटं? आणि चित्रकलेचा तास म्हणजे वेळ वाया?

गेले काही दिवस सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मथळा असा : ‘तुमचं मूल खोटं बोलतंय का? सायन्सने सिद्ध केलेल्या ७ खुणा’. बोलताना डोळे उजवीकडे वर गेले की गोष्ट रचलेली. नजर चुकवली की खोटं. नाकाला हात लावला की खोटं. हाताची घडी घातली की काहीतरी लपवलंय. माणसाचं ९३ टक्के बोलणं देहबोलीतून होतं, म्हणून शब्दांकडे लक्षच देऊ नका. चेहऱ्यावर क्षणभर खरा भाव चमकतो, तो पकडा. लाय डिटेक्टर यंत्र याच तत्त्वावर चालतं आणि कोर्टही ते मानतं. शेवटी ठळक अक्षरांत सल्ला : ‘शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलांचा वेळ फुकट जातो. त्याऐवजी माणसं वाचायला शिकवा’. खाली एका शिबिराचा फोन नंबर.

मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे शेवटचं वाक्य मला झोंबलं हे खरंच. पण तेवढ्यावर मी लिहायला बसले नसते. माझ्या धाकट्या जावेने हा मेसेज खरा मानला. स्वयंपाकघरातल्या डब्यातून दोनशे रुपये गेले, तशी तिने आपल्या सातवीतल्या मुलाला, म्हणजे माझ्या पुतण्याला, समोर उभं केलं आणि तो बोलत असताना नुसती त्याच्या डोळ्यांकडे बघत बसली. ‘अक्का, बघा की, डोळे कसे वर गेले!’ पोरगा काय म्हणाला ते मी विचारलं, तर तिला धड सांगता येईना. पैसे त्याने घेतले की नाही, मला माहीत नाही. पण त्याला चोर ठरवलं ते छताकडे बघितल्यावरून. आणि शिक्षा म्हणून त्याची चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची तयारी बंद.

आधी या डोळ्यांचंच घेते. उजवीकडे वर म्हणजे रचलेलं, डावीकडे वर म्हणजे आठवलेलं, ही कल्पना कुठल्या प्रयोगशाळेत सिद्ध झालेली नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग’ नावाचा पंथ निघाला, त्यातल्या डोळ्यांच्या हालचालींच्या कल्पनेला पुढे खोटेपणा चिकटवला गेला. २०१२ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी ती नीट तपासली. खरं आणि खोटं बोलणाऱ्यांच्या चित्रफिती घेऊन डोळे कुठे जातात ते मोजलं. फरक सापडला नाही. मग काही जणांना हा नियम आधी समजावून खोटं ओळखायला बसवलं. ज्यांना नियम माहीत नव्हता त्यांच्यापेक्षा त्यांना काही जास्त जमलं नाही. बेपत्ता नातेवाइकांसाठी टीव्हीसमोर आवाहन करणारे, ज्यांतले काही पुढे खोटे निघाले, अशांच्या फितीही बघितल्या. तिथेही हाती काही लागलं नाही. आठवताना माणसाचे डोळे हलतात, एवढंच. सतराचा पाढा म्हणतानाही पोरं छताकडेच बघतात.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती ‘नजर चुकवली की खोटं’ या वाक्याची, कारण हे लोकांना मेसेजशिवायही पटलेलंच असतं. ५८ देशांत लोकांना विचारलं गेलं, की खोटं बोलणारा कसा ओळखता? सगळ्यात जास्त आलेलं उत्तर हेच होतं : तो नजरेला नजर देत नाही. जगभर मान्य असलेली ही समजूत पुराव्यापुढे टिकत नाही. बेला डीपॉलो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये खोटेपणाच्या १५८ खुणांवरचे अभ्यास एकत्र तपासले. बहुतेक खुणांचा खोटेपणाशी संबंध एक तर दिसलाच नाही, किंवा इतका क्षीण होता की त्यावर विसंबता येणार नाही. नजर देणं-न देणं त्यातच गेलं.

आता आपल्या घरांत काय चालतं ते बघा. मोठं माणूस रागावलं की मान खाली घालायची, उलट बघायचं नाही, हे आपणच मुलांना लहानपणापासून शिकवतो. ‘डोळे वर करून काय बघतोस?’ म्हणून पाठीत धपाटा घालणारेही आपणच. आणि आता तीच खाली गेलेली मान गुन्ह्याचा पुरावा? माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं आहेत, कन्नड बोलणारी आहेत. शाळेत मराठीत उत्तर देताना ती थांबतात, इकडेतिकडे बघतात, शब्द शोधतात. या मेसेजच्या हिशेबाने ती सगळी खोटारडी ठरतात. जे मूल मुळात बुजरं आहे, ज्याला घरात मार बसतो, तेच या खुणांत आधी सापडणार. सराईत थापाड्या मात्र डोळ्यांत डोळे घालून बोलेल, कारण हा मेसेज त्यानेही वाचलेला असतो.

या सगळ्या प्रकरणात एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर तो ५४. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये दोनशेच्या वर संशोधनांचा एकत्रित हिशेब मांडला. त्यांत २४ हजारांहून जास्त माणसांनी समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे कुठल्याही साधनाशिवाय ठरवलं होतं. बरोबर आलेली उत्तरं सरासरी ५४ टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० आली असती. खरं बोलणाऱ्यांना खरं मानलं गेलं ते ६१ टक्के वेळा. म्हणजे खरं बोलणाऱ्या दर शंभरांतले ३९ जण खोटे ठरवले गेले. ज्यांचा धंदाच खोटं पकडायचा, असे लोकही सामान्य माणसांपेक्षा सरस ठरले नाहीत. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, ती मेसेज लिहिणाऱ्याने मुद्दाम वाचावी : नुसतं बघून निर्णय देणाऱ्यांपेक्षा ऐकून निर्णय देणाऱ्यांना जास्त जमलं. आणि हा मेसेज सांगतो, शब्दांकडे लक्ष देऊ नका!

कुणी म्हणेल, ते सगळे अनोळखी लोक. आई आपल्या लेकराला ओळखते. बरोबर आहे, ओळखते. त्या दिवशी घरात कोण आलं-गेलं, पोराला पैसे कशाला लागले असतील, त्याने याआधी कधी असं केलंय का, हे सगळं तिला ठाऊक असतं. तेच कामाचं असतं. मेसेज तिला ते सगळं बाजूला ठेवून बुबुळं बघायला लावतो.

नाक आणि हाताची घडी यांवर फार लिहिण्यासारखं काही नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात नाकाला हात न लावणारं मूल दाखवा. ९३ टक्क्यांचा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या छोट्या प्रयोगांतला. एखादा सुटा शब्द कुठल्या सुरात, कुठल्या चेहऱ्याने उच्चारला की बोलणारा आपल्याला आवडतो की नावडतो असं वाटतं, एवढ्यापुरते ते प्रयोग होते. इतर बोलण्याला हा आकडा लावू नका, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय.

यंत्राचं मात्र नीट सांगायला हवं, कारण ‘कोर्ट मानतं’ हे धडधडीत चूक आहे. पॉलिग्राफ, म्हणजे हेच लाय डिटेक्टर यंत्र, श्वास, नाडी, रक्तदाब आणि कातडीवरचा घाम मोजतं. खोटं मोजणारा त्यात एकही भाग नाही. भीतीने, अपमानाने, रागानेही हेच आकडे हलतात. सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेतला रशियाचा हेर आल्ड्रिच एम्स १९८६ मध्ये आणि १९९१ मध्ये या चाचणीतून सहीसलामत सुटला आणि १९९४ मध्ये पकडला गेला. आपल्याकडे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं, की नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची चाचणी कुणावरही सक्तीने करता येणार नाही. संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष हा स्वतःहून पुरावा होत नाही. तिच्या आधारे पुढे प्रत्यक्ष काही सापडलं, तर त्याचा विचार होऊ शकतो. आरोपीला देशाने दिलेलं हे संरक्षण सातवीतल्या पोराला स्वतःच्या स्वयंपाकघरात मिळू नये?

एक मुद्दा मला मान्य करावा लागतो. चेहऱ्यावर क्षणभर भाव उमटून जातात, हे खरं आहे. १९६० च्या दशकापासून त्यावर अभ्यास झालाय. खोटं सांभाळायला डोक्याला जास्त ताण पडतो, हेही बऱ्याच संशोधकांना पटतं. पण क्षणभर दिसलेली भीती कशाची होती, ते चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. पकडलं जाण्याची भीती आणि आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही ही भीती, दोन्ही सारख्याच दिसतात.

आता माझा विषय. चित्रकलेच्या बाजूने फिरणारे मेसेजही मला पटत नाहीत, हे आधीच सांगते. ‘चित्र काढलं की गणितात मार्क वाढतात’ हे आमच्यातले काही शिक्षकही पुढे ढकलतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रोजेक्ट झीरो या संशोधन केंद्रातल्या एलन विनर आणि लोइस हेटलँड यांनी २००० साली कला आणि इतर विषय यांच्यावरचे अभ्यास धुंडाळले. चित्रकलेमुळे इतर विषयांतले मार्क वाढतात, असं दाखवणारा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मग चित्रकला कशाला शिकवायची? तिच्यात जे शिकायला मिळतं त्याचसाठी.

वस्तुचित्राला मी टेबलावर तांब्या ठेवते, मुलांच्या नजरेच्या जरा खाली. सुरुवातीला बहुतेक मुलं त्याचं तोंड वाटीसारखं पूर्ण गोल काढतात आणि बूड पट्टीने ओढल्यासारखं सरळ. तोंड गोल असतं हे त्यांना माहीत असतं, आणि टेबलावर ठेवलेली वस्तू सपाट बसते हेही. दिसतं मात्र वेगळंच : तोंड चपटं, लांबट, आणि बुडाची पुढची कड खाली झुकलेली, तोंडापेक्षाही जास्त वळलेली. मी एक डोळा मिटून पेन्सिल आडवी धरायला लावते. बुडाच्या दोन्ही टोकांना पेन्सिल लावली की मधला भाग तिच्या खाली उतरलेला दिसतो. ‘बाई, हे तर वाकलंय!’ मग खोडरबर, मग पुन्हा बघणं, पुन्हा पेन्सिल धरून ताडणं. आपल्याला आधीपासून जे वाटतंय तेच कागदावर उतरू नये, यासाठी तासभर झगडायला लावणारा दुसरा तास मला तरी वेळापत्रकात दिसत नाही. माझ्या जावेला छताकडे गेलेल्या डोळ्यांत जे दिसलं, ते तिने आदल्या रात्री वाचलेलं होतं.

ही सवय मोजूनही बघितलीय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या ३६ वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात चित्रं बघायला, त्यांवर बोलायला शिकवलं. दीड-दीड तासाची सहा सत्रं. कोणी जायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. २०१८ मध्ये निकाल छापून आला : संग्रहालयात गेलेल्यांचं रुग्णाच्या डोळ्यांच्या, चेहऱ्याच्या छायाचित्रांचं निरीक्षण न गेलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारलं होतं. यावरून चित्रकार खोटं पकडतो असं मी म्हणणार नाही. बघण्याचा सराव होतो, एवढंच म्हणते.

आणि खोटं शोधण्याच्या अभ्यासात चित्र कामाला आलंय, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. ऑल्डर्ट व्रिज या संशोधकाने २०१० मध्ये काही जणांना एका माणसाकडून वस्तू आणायला पाठवलं आणि नंतर त्या जागेचं चित्र काढायला सांगितलं. निम्म्यांनी खरं सांगायचं होतं, निम्म्यांनी खोटं. खरं सांगणाऱ्यांच्या चित्रात वस्तू देणारा माणूस जास्त वेळा आला, आणि जागा त्यांनी स्वतः उभं राहून बघितल्यासारखी काढली. रचून सांगणाऱ्यांनी ती बरेचदा नकाशासारखी वरून काढली. प्रयोग छोटा आहे, घरी पोरांवर करून बघायचा नाही. पण ज्या तासाला फुकटचा म्हणता, त्याच तासातला ‘तू कुठे उभा राहून बघतोयस?’ हा प्रश्न तिथे उपयोगी पडला.

मी मुलांना हुसेन करायला निघालेले नाही. एम. एफ. हुसेन पंढरपुरात जन्मले, आपल्या जिल्ह्याचे, याचा अभिमान आहेच. पण माझ्या वर्गातल्या बहुतेकांच्या हातात पुढे ब्रश नसणार. काहींच्या घरी यंत्रमाग आहेत. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते, तिच्यावरून जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, भोकांची कार्डं पाडतात, आणि कार्डातल्या भोकांप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जातात. कागदावर एक चौकट चुकली तर तीच चूक प्रत्येक चादरीवर उमटत जाते. ज्या गावाचं नाव चादरीमुळे देशभर पोचलं, तिथल्या पालकांनी चित्रकलेला फुकटचा तास म्हणावं, हे मला सहन होत नाही.

राहिलं ते शिबिर. अमेरिकेत विमानतळांवर हावभाव बघून संशयित हेरायला खास प्रशिक्षित कर्मचारी नेमले होते. २००७ पासून त्यावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले. २०१३ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी सांगितलं, की हावभावांवरून असा माणूस ओळखता येतो याला पुरावा नाही, यापुढचा पैसा आवरता घ्या. एवढा पैसा ओतून जे साधलं नाही, त्यासाठी सोलापुरातल्या पालकांनी फी भरू नये.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोघा-तिघा पालकांनी लिहिलंय, की चित्रकलेचे तास कमी करा, हा विषय पालकसभेत घेऊ. घ्या. मी वरचे सगळे आकडे घेऊन येईन, आणि एकही तास सोडणार नाही. पुतण्याबद्दल माझं जावेशी बोलून झालंय; ती अजून घुश्शात आहे. पण एलिमेंटरीचा फॉर्म भरायची मुदत गेलेली नाही, आणि तो भरायचा हे मी तिला स्वच्छ सांगितलंय.