गावाकडं शेती करायची म्हणताय? मग एवढं वाचा

शहरातली नोकरी सोडून शेती करायची ठरवलंय, छानच की. आता कोणती शेती करायची म्हणाल तर कोरडवाहू, बागायती, सेंद्रिय, शेडनेट असले प्रकार पुस्तकात असतात, ते वाचा आणि विसरून जा, खरे प्रकार सरकारी पोर्टलवर कळतात.

कांदा करायचा असेल तर माती परीक्षण नंतर, आधी निवडणुकीचं वेळापत्रक आणा. ऑगस्ट 2023 मध्ये कांदा निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसलं, डिसेंबरात सरळ बंदीच, ती 31 मार्चपर्यंत म्हणाले होते, मार्च आला तर म्हणे पुढचा आदेश येईपर्यंत, आणि उठली कधी तर मे 2024 ला, नाशिकचं मतदान दोन-अडीच आठवड्यांवर आल्यावर. उठली म्हणजे काय, तर टनाला 550 डॉलर किमान निर्यात दर आणि वर 40 टक्के शुल्क. ते शुल्क पुरतं गेलं 1 एप्रिल 2025 ला. त्यामुळं चाळीत कांदा भरतानाच त्याला नीट समजावून सांगा, दिल्लीतली फाईल हलेपर्यंत कोंब काढायचे नाहीत म्हणून.

नको तर सोयाबीन करा, त्याला हमीभाव आहे. 2024 च्या हंगामात क्विंटलला 4892 रुपये होता, बाजारात त्याच्या बराच खाली मागत होते म्हणून माणसं खरेदी केंद्रावर गेली. तिथं पोत्यातून मूठभर दाणे काढून मीटरमध्ये टाकतात, ओलावा 12 टक्क्यांच्या वर दिसला की ट्रॉली परत, घरी न्या, ताडपत्रीवर पसरा, परत या, परत आलं की बारदाना संपलेला. मग नोव्हेंबरात विधानसभेच्या मतदानाला चार-पाच दिवस राहिले आणि 15 टक्के चालेल असा आदेश निघाला. सोयाबीन तेच होतं बरं का, मीटरपण तेच.

पेरणी झाली की खुरपणीच्या आधी ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलच्या ॲपवर आपल्या पिकाची नोंद आपणच करायची. भर रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, लोकेशन येईना, सर्व्हर डाऊन, बॅटरी 8 टक्के, पण करायचीच, नाहीतर तुमचं हिरवंगार रान सातबाऱ्यावर पेरलेलंच दिसत नाही आणि मग हमीभावाला नोंदणी करताना बसा बोंबलत.

विम्याचं काय विचारू नका. एक रुपयात विमा 2023 च्या खरिपात आला आणि 2025 च्या खरिपाला गेलापण. अतिवृष्टी झाली की 72 तासांत कळवायचं असा नियम होता, म्हणजे रान पाण्यात, लाईट नाही, टॉवर बंद, तरी तुम्ही गुडघाभर चिखलात उभं राहून ॲपवर नुकसानीचे फोटो चढवणार. पाऊस पडायच्या आधी पॉवर बँक चार्ज करून ठेवत जा, औताइतकीच गरजेची आहे ती.

अनुदान भरपूर आहे, ठिबकला आहे, शेततळ्याला आहे, ट्रॅक्टरला आहे. फक्त पूर्वसंमती येण्याआधी दुकानात जाऊ नका, गेलात तर अनुदान गेलं, नाही गेलात तर पीक गेलं, काय ते तुमचं तुम्ही बघा.

वर्षाला केंद्राचे सहा हजार आणि राज्याचे सहा, ते घ्या आणि गप बसा. उगाच ग्रामसभेत उठून म्हणू नका की हे हप्ते राहू दे, निर्यातीचं काय ते पेरणीआधी ठरवा आणि माल विकेपर्यंत बदलू नका, खरेदी केंद्र काढणीच्या आधी उघडा, बारदाना मोजून ठेवा. असलं बोलणाऱ्याला पुढच्या खेपेला तलाठी ऑफिसात बसायला खुर्चीपण देत नाहीत.