पूर्वाश्रमीचे नाव

जंतूंची नावे लिहिणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. प्रयोगशाळेत रुग्णाचा नमुना येतो, प्लेटवर तो रात्रभर वाढतो, आणि सकाळी ज्या वसाहती दिसतात त्यांची ओळख पटवून कल्चर रिपोर्टवर जंतूचे नाव छापायचे व खाली सही करायची, एवढेच माझे काम. जंतू ओळखणे आता फारसे कठीण राहिलेले नाही, कारण वसाहतीचा कणभर अंश यंत्राला दिला की ते काही मिनिटांत नाव सांगते. कठीण आहे ते हे नाव कालचेच आहे की नाही, हे सांगणे.

परवा सकाळी एका डॉक्टरांचा फोन आला. आवाजावरूनच कळले की हा फोन आभार मानण्यासाठी नाही.

"मागच्या महिन्यात याच रुग्णाच्या रिपोर्टवर तुम्ही एंटरोबॅक्टर एरोजेनेस लिहिले होते. आज क्लेब्सिएला एरोजेनेस लिहिले आहे. हा नवा पाहुणा कुठून आला?"

"डॉक्टर, जंतू जुनाच आहे. आडनाव बदलले आहे."

"कधी?"

"2017 साली."

"मग मागच्या महिन्यात जुने नाव का लिहिलेत?"

या प्रश्नाला माझ्याजवळ प्रतिष्ठित असे उत्तर नव्हते. खरे उत्तर असे होते की यंत्राची माहितीसूची गेल्याच आठवड्यात अद्ययावत झाली आणि तोवर यंत्र, आणि त्याच्या भरवशावर मीही, सुखाने 2016 सालात नांदत होतो.

जंतूच्या नावात कुळाचे नाव आधी आणि त्याचे स्वतःचे नाव नंतर येते, म्हणजे एखाद्या सरकारी अर्जासारखे आडनाव आधी. जनुकक्रम तपासल्यावर जंतू भलत्याच घरात वाढल्याचे सिद्ध झाले, तर त्याला खऱ्या घरी पाठवतात आणि आडनाव बदलते. शास्त्र म्हणून हे निर्दोष आहे. पंचाईत अशी की आडनावाबरोबर त्या घराची कीर्तीही चिकटते. क्लेब्सिएला म्हटले की डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर त्या घरातला प्रसिद्ध जंतू क्लेब्सिएला न्यूमोनिए उभा राहतो, आणि औषधही त्याच्याच हिशेबाने ठरते. एरोजेनेसच्या गुणसूत्रातच मात्र एका विकराचा (एन्झाइमचा) असा आराखडा दडलेला असतो, की तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन हे प्रतिजैविक सुरुवातीला लागू पडते असे दिसले, तरी उपचार चालू असतानाच ते निष्प्रभ ठरू शकते. म्हणून हल्ली मी नावापुढे कंसात 'पूर्वाश्रमीचा एंटरोबॅक्टर' असे लिहितो. त्यामुळे रिपोर्टला लग्नपत्रिकेची कळा येते, पण फोन कमी येतात.

लिनियसला हा ताप नव्हता. सगळ्या सजीवांना नावे देण्याचा चंग बांधलेल्या या गृहस्थाने 1767 साली सूक्ष्मजीवांशी गाठ पडताच त्यांना 'केऑस' (म्हणजे गोंधळ) नावाच्या एकाच पोत्यात भरले आणि पोत्याचे तोंड बांधले. माझ्या मेजाच्या 'इतर' या खणामागेही हेच तत्त्वज्ञान आहे. पुढच्या लोकांनी ते पोते उघडले, आणि एकाच जंतूची अनेक बारशी होऊन इतका गोंधळ माजला, की 1 जानेवारी 1980 रोजी मान्य नावांची एक यादी काढून बाकीच्या हजारो नावांचा मान काढून घ्यावा लागला. यादीत उरली ती जेमतेम दोन-अडीच हजार नावे. तेव्हा मी या धंद्यात नव्हतो, याची अजून हळहळ वाटते.

बरे, नाव चुकीचे असले की बदलतात, असेही नाही. 1892 साली फायफर या शास्त्रज्ञांना फ्लूच्या रुग्णांत एक जंतू सापडला आणि फ्लूचा कर्ता तोच असे त्यांना वाटले. फ्लू विषाणूमुळे होतो हे 1933 साली सिद्ध झाले, तरी हा जंतू आजही हीमोफिलस इन्फ्लुएन्झी म्हणूनच मिरवतो, कारण अर्थ चुकतो एवढ्या सबबीवर नाव रद्द करणे नियमात बसत नाही. न केलेला गुन्हा नावातच गोंदवून घेतलेला हा बिचारा मला नेहमी जवळचा वाटतो.

नियम करणाऱ्यांना दयामाया नाही असे मात्र म्हणता येणार नाही. जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूला घराबाहेर काढायचे ठरले, तेव्हा 2013 साली पेप्टोक्लॉस्ट्रिडियम हे आडनाव सुचवले गेले. जगभर 'सी. डिफ' म्हणणाऱ्यांना मग 'पी. डिफ' म्हणावे लागले असते. 2016 साली क्लॉस्ट्रिडिऑइडिस हे नाव काढले गेले, आणि ते काढताना आद्याक्षर 'सी'च राहील याची काळजी घेतली गेली. उच्चार करताना जीभ दातांत अडकते, पण संक्षेप वाचला. प्लेगच्या यर्सिनिया पेस्टिसची गोष्ट तर याहून बोलकी आहे. जनुकांच्या दृष्टीने तो यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिसचीच एक उपजात ठरत होता, आणि तसे नाव सुचवलेही गेले होते. पण अशा लांबलचक, निरुपद्रवी वाटणाऱ्या नावाखाली प्लेग कोणाच्या लक्षात आला नाही तर काय, या भीतीने 1985 साली ते नाव फेटाळण्यात आले. माझ्या फोनवरच्या डॉक्टरांना हा निवाडा ऐकवला, तेव्हा ते प्रथमच हसले आणि म्हणाले, "म्हणजे माणूस मरणार असेल तरच तुम्ही नाव तसेच ठेवता."

आमच्या शीतपेटीत, उणे 80 अंशांत, एक नळी आहे. माझ्या आधीच्या कोणीतरी तिच्यावर स्यूडोमोनास माल्टोफिलिया अशी चिठ्ठी चिकटवली होती. 1983 नंतर तिच्यावर झॅन्थोमोनासची चिठ्ठी बसली आणि 1993 नंतर स्टेनोट्रोफोमोनासची. जुनी चिठ्ठी काढण्याचे धैर्य कोणालाच झाले नाही, कारण न जाणो, तेच नाव परत यायचे. गेल्या आठवड्यात खोके आवरताना मी ती नळी बाहेर काढली. आतला जंतू आहे तसाच होता, पण चिठ्ठ्यांच्या थरांनी नळी इतकी जाड झाली होती की ती पुन्हा आपल्या खाचेत काही केल्या बसेना.