पोटगी थांबवून नातू भेटणार नाही

काका, मुलाच्या ताब्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की लेख गुळमुळीत आहे. तुमच्या मते पाच वर्षांच्या आतलं मूल आईकडे असं कायदाच म्हणतो, मग बापाने लढणं म्हणजे वकिलांची धन. साडेतीन वर्षांचा नातू तुम्हाला महिन्यातून दोन रविवारी, दोन-दोन तास दिसतो, तेही सुनेचं मन झालं तर. म्हणून तुम्ही मुलाला पोटगी बंद करायला सांगितलंय.

शेवटचं आधी घेते, कारण ते तातडीचं आहे. पोटगी थांबवू नका. पोटगी आणि भेट एकमेकींच्या बदल्यात चालत नाहीत. पोटगी थकली म्हणून सुनेला भेट अडवता येत नाही, तसंच भेट अडली म्हणून तुमच्या मुलाला पोटगी अडवता येत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत पूर्वी पोटगीचं जे कलम १२५ होतं ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय. त्याखालची रक्कम सबळ कारणाशिवाय थकवली तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय भेटीच्या अर्जावर समोरचा वकील तोंड उघडताच म्हणेल, ‘साहेब, पोराच्या दुधाचे पैसे देत नाहीत आणि भेट मागतात.’ त्यानंतर तुमच्या मुलाचं पुढचं कोण ऐकणार? रक्कम डोईजड असेल तर ती कमी करून मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सून कमावती असेल तर तेही तिथे कागदावर येतं.

आता कायदा. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याच्या कलम ६मध्ये पाच वर्षांचा नियम आहे, पण तो ‘सर्वसाधारणपणे’ या शब्दासकट आहे. गंमत म्हणजे त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून पहिलं नाव बापाचं आहे. आईला तिथे बरोबरीने बसवायला गीता हरिहरन खटल्याचा १९९९चा निकाल यावा लागला. तान्ह्या मुलाच्या बाबतीत मात्र तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रोक्सॅन शर्मा खटल्यात २०१५ साली स्पष्ट सांगितलं गेलं की इतकं लहान मूल आईकडेच राहील, आई अयोग्य आहे हे बापाने दाखवायचं. ते दाखवायला लोक जे आरोप करतात ते वाचायलाही नको वाटतात, आणि बहुतेक वेळा ते करणाऱ्यावरच उलटतात. सून मूल नीट सांभाळत असेल तर त्या वाटेला जाऊच नका. मी गुळमुळीत लिहिलं ते इथे, आणि जाणूनबुजून.

माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. ताबा मिळणार नाही हे दिसत असतानाही घरचे सगळा जोर त्यावरच लावतात आणि भेटीचा हुकूम कसाबसा, दोन ओळींत घेऊन येतात. ‘दोन रविवार, उभयतांच्या सोयीने.’ ही सोय कोणाची, ते तुम्ही अनुभवताय. हुकुमात वार, वेळ, जागा, मूल कोण आणून सोडणार, एक भेट चुकली तर बदली कधी, हे सगळं लिहून घ्यायचं असतं. दिवाळीची आणि मेची सुट्टी अर्धी अर्धी, वाढदिवस, शाळेचं प्रगतिपुस्तक दोघांना, आठवड्यातून ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल. यशिता साहू खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय की ज्याच्याकडे ताबा नाही त्याला प्रत्यक्ष भेटीखेरीज मुलाशी बोलत राहण्याचाही हक्क असावा. साडेतीन वर्षांचं मूल रात्री राहायला लगेच मिळणार नाही. पण सहा महिने भेटी सुरळीत झाल्या की मुक्काम मागता येतो, आणि तेव्हा भेटींची नोंदच कामाला येते. म्हणून तुमच्या मुलाने एकही रविवार चुकवू नये. दार बंद मिळालं तरी जावं, मेसेज करावा, तो जपून ठेवावा.

असे हुकूम कायमचे नसतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६खाली ते घटस्फोटानंतरही बदलून घेता येतात. हुकूम मोडला जात असेल तर त्याच कोर्टात अर्ज द्यायचा. वकिलांची धन होते म्हणाल तर कौटुंबिक न्यायालयात पक्षकाराला स्वतः उभं राहता येतं. १९८४च्या कायद्याने तिथे वकील हा हक्क म्हणून ठेवलेलाच नाही, न्यायाधीशांची परवानगी लागते. आधी तिथल्या समुपदेशकांकडे विषय काढा. भेटीचं वेळापत्रक युक्तिवादापेक्षा त्यांच्या खोलीत लवकर ठरतं, विशेषतः आजोबा बाहेरच्या बाकावर बसले असतील तर. रागावू नका, पण दोन्हीकडचे ज्येष्ठ आत आले की बोलणी लग्नातल्या मानपानावर जातात.

तुमचा स्वतःचा प्रश्न राहिला. आजी-आजोबांना भेटीचा वेगळा हक्क कायद्यात लिहिलेला नाही. म्हणून मुलाच्या अर्जातच मागा की भेट तुमच्या घरी व्हावी आणि त्या वेळी आजी-आजोबांना हजर राहता यावं. आणि मेच्या सुट्टीचा अर्ज मार्चमध्येच पडू द्या. एप्रिलअखेर सगळे एकदम धावतात, तारीख मिळत नाही, आणि मग कोर्टालाच सुट्टी लागते.